अब्राहामाचे उंट आणि शांतवनकाकांची जीप

माझं लग्न हजारो वर्षांपूर्वी मेसोपोटेमियातल्या एका विहिरीवर, दहा उंटांच्या साक्षीनं ठरलं होतं. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्यानं ते ठरवलं, कुलपित्यांच्या काळात ते लिहून ठेवलं गेलं आणि काळाची पूर्णता झाल्यावर ते परतूरला प्रकट झालं. प्रकट व्हायला निमित्त झालं एका जीपचं रेडिएटर.

हे नीट समजायला आमचं घर माहीत असायला हवं. बाबा शाळामास्तर होते. गावात आमच्या ख्रिस्ती मंडळीची नऊ घरं होती. पाळकसाहेब महिन्यातून एकदा जालन्याहून यायचे. बाकीचे रविवार बाबांचे. आमची पुढची खोली हेच देऊळ होतं. शनिवारी संध्याकाळी आई तिथली बाज उभी करून ठेवायची, सतरंजी अंथरायची आणि काळ्या मनुका पाण्यात भिजत घालायची. द्राक्षारस कुठून आणणार? मनुका कुस्करून, फडक्यातून गाळून जे लालसर पाणी निघायचं त्यावर आमचा प्रभुभोजनाचा विधी व्हायचा. गाळून उरलेल्या मनुकांचा चोथा मी खायची. त्यात पाप आहे की नाही, हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर हो आलं असतं तर चोथा गेला असता. उपासना संपली की बाज परत आडवी व्हायची आणि तिच्यावर ऋतूप्रमाणे मिरच्या, शेवया नाहीतर कुरडया वाळत पडायच्या. रविवारी मटण असायचं. मसाला वाटल्याचा आवाज आणि बाबांच्या हार्मोनियमचा आवाज एकाच वेळी यायचे, आणि लोक डोळे मिटून बसत ते दोन्हींमुळे.

बाबा जुना करार जसा वाचायचे तसा तो वाचणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्यांच्या मते त्यात घडलेलं काहीच स्वतःसाठी घडलेलं नव्हतं. नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद ही सगळी मंडळी येशूच्या येण्याची रंगीत तालीम करत होती आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. बाबांकडे एक जाड वही होती. पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे लिहिलं होतं 'छाया' आणि उजवीकडे 'वस्तू'. डावीकडे इसहाक आपल्या पाठीवर सरपण घेऊन डोंगर चढायचा, तर उजवीकडे ख्रिस्त क्रूस घेऊन चढायचा. डावीकडे योना तीन दिवस माशाच्या पोटात, उजवीकडे ख्रिस्त तीन दिवस कबरेत. डावीकडे रानात खांबावर टांगलेला पितळेचा साप, उजवीकडे क्रूसावर टांगलेला तारणारा. यातलं पुष्कळसं बाबांच्या आधीच्या लोकांनीच शोधून ठेवलं होतं, पण बाबा तिथं थांबणारे नव्हते. त्यांनी नियमच करून टाकले होते. जुन्या करारात कुठंही लाकूड दिसलं की तो क्रूस. पाणी दिसलं की बाप्तिस्मा. लाल काहीही दिसलं की रक्त, मग ती दोरी असो की मसुराची आमटी. सापडलं की ते लाल पेन्सिलीनं ओळीखाली रेघ मारायचे. त्यांच्या शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, काही पानं छापील अक्षरांपेक्षा लाल रेघांनीच जास्त भरली होती.

आईला वाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून तिला शास्त्र पाठ होतं. तिची मतं स्वयंपाकघरातून यायची. "लाकूड ओलं हाय," ती चुलीशी खोकत म्हणायची, "हा बी क्रूसच का, विचारा जरा. मोशेची काठी बराबर दिसते, घरातलं सरपण संपल्यालं दिसत न्हाई." बाबा हसायचे, पण पेन्सिल खाली ठेवायचे नाहीत. आमचे घरमालक दगडूतात्या हे शेतकरी गृहस्थ, माळकरी. ते कधीमधी ओट्यावर बसून ऐकत. एकदा बाबांनी त्यांना योनाची गोष्ट अर्थासकट सांगितली. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आन् मासा? त्याचं काय झालं म्हनं मंग?" बाबांनी वही उघडून पाहिली. उजव्या रकान्यात माशाला काहीच नव्हतं.

पुढं आयुष्यात मला वाचायला भरपूर सवड मिळाली, आणि मी हे सगळं मुळातून वाचलं. ज्या लोकांचं ते शास्त्र, ते यहूदी लोक ते निराळं वाचतात हे मला पन्नाशीला कळलं. यशया संदेष्टा आहाज राजाला बाळ जन्मण्याची खूण देतो, ती नाताळात आमच्याकडे हमखास वाचली जायची. पण त्या आहाजाच्या दारात दोन राजे सैन्य घेऊन येत होते. त्याला आज काय करायचं ते हवं होतं. कित्येक शतकांनंतर दुसऱ्याच कुणासाठी जन्मणाऱ्या बाळाची बातमी ऐकून त्याला किती धीर आला असता, याचा आमच्यात कुणी विचार केला नव्हता. यहूद्यांच्या पूर्वजांच्या बऱ्यावाईट दिवसांचा अर्थ परस्पर लावला गेला, आणि त्यांना विचारायला कुणी गेलं नाही. मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटते ती विद्वत्तेतून आलेली नाही. एक आठवडाभर माझंही तेच झालं होतं.

मी तेव्हा मॅट्रिक झाले होते आणि एका दूरच्या मिशन दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या मेट्रनला मी अजून घाबरते. प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं होतं. सोबत एक छापील कागद होता, त्यावर वडिलांची संमतीची सही हवी होती. मुलगी अविवाहित असावी आणि कागद महिनाअखेर पोचावा, एवढ्याच अटी होत्या. बाबांनी कागद वाचला, "बघू" म्हणाले आणि तो शास्त्रात खुणेला घालून ठेवला. रोज सकाळी तो कागद चार पानं पुढं सरकलेला मला दिसायचा. सही मात्र होत नव्हती. बाबांना नर्सिंगचं वावडं होतं असं नाही. त्यांना त्याची छाया कुठं सापडत नव्हती, एवढंच.

अशात तो एप्रिलमधला रविवार आला. उपासना होऊन मंडळी पांगली होती. आईनं आणि मी पहाटेपासून केलेल्या कुरडया अंगणात तीन बाजांवर पसरल्या होत्या आणि कावळे हाकलत मी तिथं बसले होते. तेवढ्यात एक जीप धापा टाकत आली आणि नेमकी बाजांना लागून थांबली. तिच्या तोंडातून वाफ येत होती. आतून शांतवनकाका उतरले. काका अंकुशनगरला साखर कारखान्यात नोकरीला होते. बाबांची आणि त्यांची जुनी ओळख होती. ते घामानं निथळत होते.

"पोरी, जरा पाणी दे गं प्यायला," ते म्हणाले.

मी तांब्या दिला. त्यांनी तो एका दमात संपवला. माझं लक्ष मात्र जीपकडं होतं, कारण तिची वाफ सरळ माझ्या कुरडयांवर चालली होती. अर्ध्या वाळलेल्या कुरडईला वाफ लागली की तिचा लगदा होतो. आतून आई ओरडलीच, "मार्था, ते यंत्र हलव तिथून!" हलवणार कशी? तापलेली जीप पाणी पिल्याशिवाय हलणार नव्हती. म्हणून मी म्हटलं, "काका, तुमच्या जीपलाबी पाजते," आणि आडावरून भराभर पोहरे ओढले. चार बादल्या लागल्या. शेवटची ओतून सरळ झाले, तर दारात बाबा उभे. त्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. समुद्र दुभंगताना पाहणाऱ्या माणसाचा चेहरा असाच असणार.

"शांतवनराव," बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही कुठं चालले होते?"

"सेलूला, गुरुजी. भाच्यासाठी पोरगी पाहायला."

"भाच्यासाठी," बाबा म्हणाले. "आणि वाटेत प्रार्थना केल्ती का?"

"केल्ती म्हंजे! वडीगोद्रीपासून इंजिन तापून राह्यलंय. तव्हापासून प्रार्थनाच चालू हाय."

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. म्हाताऱ्या अब्राहामानं आपला मुलगा इसहाक याच्यासाठी मुलगी पाहायला एका चाकराला दूर देशी पाठवलं. चाकर दहा उंट घेऊन निघाला आणि एका गावाबाहेर विहिरीशी थांबला. तिथं त्यानं प्रार्थना केली की, मी पाणी मागितल्यावर जी मुलगी मला तर देईलच आणि आपणहून माझ्या उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच नेमलेली नवरी. एवढ्यात रिबका आली आणि तिनं तंतोतंत तसंच केलं. बाबांच्या वहीत ही गोष्ट पहिल्या पाचांत होती. इसहाक म्हणजे ख्रिस्त, रिबका म्हणजे मंडळी, चाकर म्हणजे पवित्र आत्मा. आता डाव्या रकान्यातून सगळे उतरून आमच्या अंगणात उभे राहिले होते.

"पण उंट दहा होते, ही जीप एकच," मी संध्याकाळी म्हणाले.

"एका जीपमध्ये दहा उंटांचं बळ सहज असतं," बाबा म्हणाले. त्यांनी हिशोब केलेला दिसत होता.

"मी कुरडयांसाठी पाणी घातलं, बाबा."

"रिबकेनं तरी कुठं कशासाठी ते ठाऊक असून घातलं? छायेला आपण छाया हाय हे कळत नसतं."

ही पद्धत अशीच आहे. तुम्ही काय म्हणून वागलात याला त्यात जागाच नसते. मी शेवटचा उपाय करून पाहिला. रिबकेला घरच्यांनी बोलावून विचारलं होतं की, या माणसाबरोबर जातेस का? ते शास्त्रातच आहे.

"विचारलं होतं," बाबा खुशीनं म्हणाले, "आणि ती हो म्हणाली."

"न्हाई म्हणाली असती तर?"

"न्हाई म्हणाली न्हाई ना. मंग प्रश्न कुठं येतो?"

शांतवनकाका व्यवहारी माणूस. जीप सेलूपर्यंत जाईल याची त्यांना खात्री नव्हती, मुलगी इथंच मिळत होती आणि मटणही झालेलं होतं. "पुढच्या रविवारी भाच्याला घेऊन येतो, शब्द पक्का करून टाकू," असं सांगून ते परत फिरले. माझ्या हातात एक आठवडा उरला. महिना संपायला त्यानंतर आठ दिवस होते, आणि शब्द पक्का झालेली मुलगी नर्सिंगच्या शाळेला नको होती. दोन दिवस मी रडून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं. बाबांनी प्रेमानं सांगितलं की, मिसरातून निघाल्यावर रानात इस्राएल लोकही रडलेच होते.

तिसऱ्या दिवशी बाबा मोंढ्यात ज्वारी पाहायला गेले असताना आईनं मला भाकरी करता करता हटकलं. "रडून काय हुतंय? त्यांच्याशी वाद घालू नगंस. वादात ते हरत्यात आन् ऐकत न्हाईत. त्यांना वचन दाखव."

"कुठलं वचन? शास्त्रात नर्स कुठं हाय?"

आईनं भाकरी उलटली. "त्या दोघी सुईणी न्हाईत का? राजाला थापा मारणाऱ्या?"

मी शास्त्र काढलं. मोशेच्या गोष्टीच्या तोंडालाच होत्या. मिसरच्या राजानं दोन सुईणींना हुकूम केला की, इब्री, म्हणजे इस्राएली, बायकांना मुलगा झाला तर जन्मतानाच मारा. त्यांनी मारले नाहीत, आणि राजानं जाब विचारला तेव्हा ठोकून दिलं की, इब्री बायका इतक्या दणकट की, आम्ही पोचायच्या आधीच त्या मोकळ्या होतात. मी वाचत होते तशी आई हसायला लागली. तिची आई सुईण होती. "पोचायच्या आधीच मोकळ्या म्हनं! त्या राजाच्या घरात एकबी बाळंतपण झाल्यालं दिसत न्हाई." मला मात्र दुसरंच दिसत होतं. पानावर दोघींची नावं होती, शिप्रा आणि पुवा, आणि त्यांच्याखाली एकही लाल रेघ नव्हती. बाबांच्या नजरेतून अख्खा उतारा सुटला होता. त्यात ना लाकूड होतं, ना पाणी, ना काही लाल.

शनिवारी दुपारी बाबा दुसऱ्या दिवशीच्या उपदेशाची तयारी करायला बसले. मी पुदिन्याचा चहा घेऊन गेले आणि शेजारीच बसले.

"बाबा, मोशे तारणाऱ्याची छाया ना?"

"बिलकुल. सगळ्यात मोठी."

"मंग मोशे जन्मला तव्हा त्याला कुणी वाचवलं?"

"पेटीनं. नदीत सोडली ती. पेटी म्हणजे..."

"ती लव्हाळ्याची होती, लाकडाची न्हाई. आन् ती तीन महिन्यांनी. त्याच्या आधी?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग पानं मागं उलटली. वाचत गेले तशी त्यांची मान पुढं झुकत गेली. आईनं सांगितलं होतं की, शेवटचं वाक्य त्यांचं त्यांनाच सापडू दे.

"सुईणी नसत्या तर मोशे न्हाई," बाबा स्वतःशीच म्हणाले. "मोशे न्हाई तर छाया न्हाई." मग लाल पेन्सिल शोधायला लागले. दोन्ही नावांखाली त्यांनी रेघा ओढल्या, एकदा ओढून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा ओढल्या. "अगं, हे कुणाच्याच ध्यानात आल्यालं न्हाई! तारणाऱ्याच्या आधी सेविका यावी लागते. छायेच्याही आधी!" ते बराच वेळ वहीत लिहीत होते. लिहिता लिहिता एकदम थांबले, खुणेचा छापील कागद हातात घेतला आणि त्याच्याकडं असं पाहिलं, जणू तो आत्ताच कुणीतरी तिथं ठेवला होता.

आज मला त्यांची चेष्टा करणं जड जातं ते यामुळंच. मी ज्या पद्धतीला हसत होते तिनंच मला सोडवलं. मी त्या दोन बायकांनाही विचारलं नव्हतं. त्यांनी इब्री बायकांची पोरं जगवली, जीव धोक्यात घालून. परतूरच्या एका मुलीच्या कागदावर सही व्हावी म्हणून काही ते केलं नव्हतं.

रविवारी शांतवनकाका भाच्याला घेऊन आले, यावेळी एसटीनं. बाबांनी तासभर उपदेश केला. शिप्रा आणि पुवा यांचं इतकं कौतुक त्यांच्या हयातीत झालं नसेल. शेवटी बाबांनी जाहीर केलं की, त्यांची मुलगी मार्था हिला याच सेवेचं पाचारण झालं आहे आणि त्यांनी कागदावर सही केली आहे. मंडळीनं आमेन म्हटलं. काका आमेन म्हणायला थोडे मागं राहिले. सतरंजी गुंडाळता गुंडाळता त्यांनी बाबांना गाठलं.

"गुरुजी, मंग आमचं काय? तुम्हीच म्हणले व्हते ना, विहीर, उंट..."

बाबा क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "शांतवनराव, तुमची विहीर सेलूला हाय. मधेच थांबलात तुम्ही."

काकांनी यावर विचार केला. सेलूची मुलगी आपल्या मनात आधीपासूनच होती, असं त्यांनी मटण वाढेपर्यंत कबूल केलं. भाचा साधा, नाकासमोर चालणारा मुलगा होता. कारखान्यावर उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर होता. हात धुवायला तो आडाशी आला तेव्हा मी पाणी घातलं. त्यानं इकडंतिकडं पाहून हळूच विचारलं, "मी कोण होतो यात?"

"इसहाक," मी म्हटलं.

"म्हंजे बापानं बळी द्यायला डोंगरावर नेल्ता, तोच ना?"

"तोच."

"मंग बरं झालं," तो म्हणाला आणि जेवायला गेला. सेलूला त्याचं लग्न झालं, संसारही चांगला झाला.

बाबा मला दवाखान्यापर्यंत पोचवायला आले. गाडीत समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. त्यांना बाबांनी परभणी येईपर्यंत सांगितलं की, ही मुलगी शिप्रा आणि पुवा यांच्या वारशात निघाली आहे, तारणाऱ्यांना जन्मताना झेलणारे हात म्हणजे हे हात. म्हातारीनं माझे हात हातात घेऊन पाहिले. दवाखान्याच्या फाटकात बाबांनी डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली. पहारेकरी टोपी काढून उभा राहिला. मलाही, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. आपण कुठल्या तरी फार जुन्या कामावर रुजू होत आहोत, असं त्या वेळी मला खरोखर वाटलं.

पहिले पाच महिने मला बाळंतिणींच्या खोलीकडं फिरकू दिलं नाही. माझ्याकडं पुरुषांच्या वॉर्डातली शौचाची भांडी धुवायचं काम होतं. ती बावीस होती.